थेंबाचा मालक कोण?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या हॉलच्या छतावर एक डाग उमटला. पहिल्या दिवशी रुपयाएवढा, चौथ्या दिवशी पोळीएवढा. कडेला तांबूस रेघ, मध्ये सुटत आलेला पोपडा. आठव्या दिवशी त्यातून पहिला थेंब पडला तो नेमका वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यावर.

सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "वरच्यांच्या बाथरूमचं आहे, त्यांना सांगा." वरचे म्हणाले, "आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. बाहेरच्या भिंतीला तडा गेलाय, सोसायटीला सांगा." चेअरमन म्हणाले, "बाहेरून प्लास्टर आणि पेंट दोन वर्षांपूर्वीच झालंय, गॅरंटी आहे. कॉन्ट्रॅक्टरला बोलावू." कॉन्ट्रॅक्टर आला, मान वर करून क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हा मूळ बांधकामातला दोष. बिल्डरला धरा."

चार माणसं, चार उत्तरं. आणि कायद्याच्या नजरेतून बघितलं तर चौघांपैकी कुणाचंही खरं निघू शकतं! पाणी वरच्या बाथरूममधून झिरपलं असेल तर सोसायटीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे उपविधींप्रमाणे, दुरुस्ती वरच्या सभासदाच्या खर्चाने. बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा डक्टमधल्या सामाईक पाइपातून आलं असेल तर सोसायटीच्या खर्चाने. नव्या प्लास्टरचं काम कच्चं राहिलं असेल तर कॉन्ट्रॅक्टरच्या माथी. आणि इमारत अजून लहान असेल, म्हणजे ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तीस दिवसांत एक पैसाही न घेता ते दुरुस्त करायचं. थेंब तोच, छत तेच. तो कुठून निघाला आणि इमारतीच्या कितव्या वर्षी निघाला, यावर त्याचा मालक ठरतो. हे समजल्यापासून मी त्या डागाकडे चिडून बघायचं सोडून कुतूहलाने बघायला लागलो. खाली बादली ठेवावी लागली, ती गोष्ट वेगळी.

पण मुळात ते छत तरी कुणाचं?

आपण 'माझा फ्लॅट' म्हणतो. कपाटातली फाइल काढून बघा. करारनाम्याच्या जाडजूड गठ्ठ्याखाली एक शेअर सर्टिफिकेट सापडेल, पन्नास-पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा शेअर. लाखो-कोटींच्या घराशेजारी अडीचशे-पाचशे रुपयांचा तो कागद अगदीच केविलवाणा दिसतो. तरी त्याच्यामुळेच तुम्ही एका अदृश्य व्यक्तीचे भागीदार होता. ती व्यक्ती म्हणजे सोसायटी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० याच्या कलम ३६ नुसार नोंदणी झाली की संस्थेला स्वतःचं अस्तित्व येतं. तिला स्वतःचा शिक्का असतो, ती मालमत्ता घेऊ शकते, करार करू शकते, कोर्टात दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लागू शकतो. सभासद मरतात, फ्लॅट विकून पुण्याला किंवा परदेशी जातात, कमिट्या भांडून राजीनामे देतात. ती मात्र जिथल्या तिथे असते. तिला हातपाय नाहीत, तोंड नाही, सही करायला बोटंही नाहीत. म्हणून कमिटी लागते आणि कमिटीला ठराव लागतो. चेअरमननी जिन्यात उभं राहून कॉन्ट्रॅक्टरला दिलेला शब्द हा चेअरमनचा शब्द. सोसायटीचा शब्द सभेच्या इतिवृत्तात सापडला पाहिजे. अर्धी भांडणं या एका फरकातून उगवतात.

ही अदृश्य व्यक्ती आपल्याकडे जन्माला आली तीही मोठ्या गमतीने. १९०४ साली इंग्रज सरकारने सहकाराचा पहिला कायदा केला तो फक्त कर्ज देणाऱ्या पतसंस्थांसाठी, शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याबाहेरच्या कामांसाठीही दार उघडलं आणि तीनच वर्षांत, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था उभी केली. त्यामागे श्रीपाद सुब्राव तल्मकी यांची खटपट होती. खेड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी शिवलेला अंगरखा शहरातल्या भाडेकरूच्या अंगावर चढला, आणि बरा बसला! आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळं प्रकरण मात्र २०१९ साली आलं. तोवर साखर कारखाना, दूध संघ आणि आमची तीन मजली इमारत, सगळ्यांना बव्हंशी एकाच मापाची कलमं.

आता जमीन. इथे तर कायद्यातला मला सर्वांत आवडणारा शब्द भेटतो: मानीव अभिहस्तांतरण. उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून लोक 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हणतात. पण 'मानीव' हा शब्द फार सुंदर आहे. जे झालेलं नाही, ते झालंय असं मानायचं.

त्याची कथा अशी. १९६३ साली महाराष्ट्राने फ्लॅटधारकांसाठी कायदा केला, तोच 'मोफा'. त्यात बिल्डरला बजावलं की सोसायटी स्थापन करून दे आणि जमिनीची मालकी तिच्या नावावर कर. नियमांत मुदत दिली चार महिन्यांची. कित्येक इमारतींच्या बाबतीत हे चार महिने चाळीस वर्षं चालले. बिल्डर सही करीना. का करीना? कारण शहरातली जमीन नुसती जमीन नसते, तिच्यावर चटईक्षेत्र उगवतं. आज दोन मजले बांधायची परवानगी असलेल्या तुकड्यावर उद्या नियम बदलून चार मजल्यांची परवानगी मिळू शकते. जमीन ज्याच्या नावावर, त्या वाढीव मजल्यांवर हक्क सांगायला तोच पहिला पुढे येतो. रहिवासी वर्षानुवर्षं कर भरत, रंग काढत, पंप बदलत राहिले आणि पायाखालची माती कागदोपत्री दुसऱ्याचीच राहिली.

बिल्डर गेले, त्यांची मुलं परागंदा झाली, कंपन्या बंद पडल्या. सही आणायची कुणाची? २००८ च्या दुरुस्तीने यावर तोडगा निघाला. सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटीस जाते, सुनावणी होते. कागदपत्रं पटली की सक्षम प्राधिकारी दाखला देतो आणि बिल्डर आला नाही तरी दस्त एकतर्फी नोंदवला जातो. चार दशकं अडलेली एक सही कायदा स्वतःच गृहीत धरतो. माणूस हजर नाही, इच्छाही नाही, तरी त्याच्या हातून मालकी सुटते. एखाद्या लोककथेतल्या उःशापासारखंच हे. फक्त त्याला सात-बारा, मंजूर नकाशा, सभासदांचे करारनामे असे ढीगभर कागद जोडावे लागतात, आणि ते गोळा करता करता दोन सेक्रेटरी बदलतात.

एका शब्दापायी झालेली दुसरी लढाई पार्किंगची. दहिसरच्या पांचाली सोसायटीत इमारतीखालच्या खांबांमध्ये गाड्या लावायच्या पंचवीस जागा होत्या. बिल्डरचं म्हणणं असं की या जागा आपल्या, आपण त्या वेगळ्या विकू शकतो. त्याचा आधार मोफातली व्याख्या. तिथे 'फ्लॅट' या शब्दात 'गॅरेज'ही धरलंय. आणि खांबांमधली जागा म्हणजे गॅरेजच की! दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय अशी तीन पायऱ्यांवर चर्चा झाली ती गॅरेज कशाला म्हणायचं याची. ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायमूर्ती लोढा यांनी लिहिलेल्या निकालात उत्तर आलं: गाडी लावता येते अशी प्रत्येक जागा गॅरेज होत नाही. खांबांमधली उघडी जागा हा इमारतीचा सामाईक भाग, बिल्डरला ती फ्लॅटसारखी सुटी विकता येणार नाही. सहा वर्षांनी रेरा कायदा लिहिणाऱ्यांनी पुन्हा वाद नको म्हणून गॅरेजच्या भिंतीच मोजून टाकल्या: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. देशाच्या संसदेने भिंती मोजल्या याचं हसू येतं खरं, पण रोज संध्याकाळी पार्किंगवरून हमरीतुमरी ऐकणाऱ्याला ते फार हसण्यासारखं वाटणार नाही.

परत आमच्या डागाकडे येऊ. त्याचा मालक शोधायचा तर पुरावा हवा, आणि पाणी हा भलताच लबाड साक्षीदार आहे. ते जिथे शिरतं तिथे दिसत नाही. लादीच्या सांध्यातून आत गेलेलं पाणी खालच्या कोब्यात मुरतं, स्लॅबच्या उतारावरून हळूहळू सरकतं, बीमला अडतं, विजेच्या वायरिंगची नळी मिळाली तर तिच्यातून प्रवास करतं आणि मूळ जागेपासून दहा-बारा फुटांवर प्रकट होतं. वरच्याचं बाथरूम डागाच्या डोक्यावर नाही, म्हणून तो निर्दोष असं म्हणता येत नाही. आणि आहे म्हणून दोषी, असंही नाही.

काँक्रीटच्या आत तर याहून अद्भुत कारभार चालू असतो. नवं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं, पीएच बारा-तेराच्या घरात. त्या वातावरणात आतल्या लोखंडी सळईवर एक सूक्ष्म थर बसतो आणि तो तिला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच नवाच्या आसपास उतरतो. थर गेला, ओल मिळाली की सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून ढकलतो, काँक्रीट फुटतं, गिलावा फुगतो. इंजिनिअर काँक्रीटचा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच. गुलाबी झालं तर काँक्रीट निरोगी, रंग आलाच नाही तर कार्बन तिथवर पोचलाय. एखाद्या इमारतीचं भवितव्य त्या गुलाबी रेषेच्या खोलीवर ठरू शकतं, ही कल्पना मला आजही थक्क करते. उपविधी सांगतात की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा. मुंबईत महापालिका धोकादायकतेच्या श्रेणी लावते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. कधी सोसायटीचा इंजिनिअर सी-१ म्हणतो आणि घर सोडायला तयार नसलेल्यांचा इंजिनिअर म्हणतो दुरुस्त होईल. मग पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीसमोर एकाच खांबाचे दोन अहवाल समोरासमोर उभे राहतात.

ऑडिटनंतर येतो कॉन्ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागोमाग १८७२ चा भारतीय करार कायदा. दीडशे वर्षांचा हा म्हातारा अजून रोज कामावर असतो.

दुरुस्तीच्या कामाची एक अडचण नव्या बांधकामात नसते: भिंत फोडल्याशिवाय काम किती आहे ते कळत नाही. हातोडीने ठोकत जायचं, पोकळ आवाज आला की तिथलं प्लास्टर काढायचं. अंदाजपत्रकात हजार चौरस फूट धरलेलं असतं, परांची चढवून प्रत्यक्ष ठोकल्यावर सतराशे निघतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "एक्स्ट्रा आयटम." कमिटी म्हणते, "लिहून कुठे दिलंय?" आणि काम मात्र होऊन गेलेलं असतं.

इथे त्या म्हाताऱ्याचं कलम ७० कामाला येतं. कुणी फुकटात करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर करार नसला तरी मोबदला द्यावा लागतो. कायद्यातच एक साधं उदाहरण दिलंय: व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो आणि घरमालक तो आपलाच समजून वापरतो. मग पैसे दे. १९६१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे बंगालमधलं एक प्रकरण होतं. बी. के. मंडल अँड सन्स या कॉन्ट्रॅक्टरने नागरी पुरवठा खात्यासाठी गोदामाच्या शेड आणि कच्चा रस्ता बांधून दिला होता. सरकारने कायद्याला हवा तसा रीतसर करार केलाच नव्हता, आणि तोच मुद्दा पुढे करून पैसे नाकारले. न्यायालयाने सांगितलं: करार नाही हे मान्य, पण शेड वापरलीत ना? मग मोबदला द्या. 'लिहून कुठे दिलंय' म्हणणाऱ्या प्रत्येक कमिटीने हा निकाल एकदा वाचावा. अर्थात कॉन्ट्रॅक्टरनेही खूश व्हायचं कारण नाही. नको म्हटलेलं काम दामटून करणाऱ्याला हे कलम तारत नाही, आणि बिलाची मुदतही ठरलेली आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा. पुढे नुसती आठवण उरते.

दंडाच्या कलमाचीही अशीच गंमत. वर्क ऑर्डरमध्ये ठसक्यात लिहिलेलं असतं, उशीर झाला तर दिवसाला इतके हजार. कलम ७४ म्हणतं की तो आकडा ही कमाल मर्यादा. मिळेल ती वाजवी भरपाई. आणि कलम ५५ त्याहून बारीक: वेळेला महत्त्व असलेल्या करारात उशिरा झालेलं काम तुम्ही निमूट स्वीकारलंत, तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही, स्वीकारताना तशी सूचना दिली असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या सोसायटीने दीड महिना उशिरा संपलेल्या कामाच्या शेवटी कॉन्ट्रॅक्टरला नारळ आणि शाल दिली होती. फोटोही आहेत.

एक गोष्ट या कुतूहलाच्या पलीकडची आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खाजगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या पत्नींनी दाद मागितल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश सरकारला दिला. जबाबदार असतील त्यांच्याकडून सरकारने ती रक्कम वसूल करायची होती. काम खाजगी होतं, माणसं ठेकेदाराची होती, या सबबी तिथे चालल्या नाहीत. 'कॉन्ट्रॅक्ट दिलंय, आता त्याचं तो बघेल' हे वाक्य सभांमध्ये फार सहज उच्चारलं जातं. दोरीला बसून उंच भिंतीवर रंग मारणाऱ्या माणसाचा विमा कुणी उतरवलाय, हे विचारताना मी आजवर एकाच सभासदाला ऐकलंय.

भांडायचं झालं तर जायचं कुठे, हेही थेंबाच्या मालकावर अवलंबून. बिल्डर असेल तर रेरा कायद्याखालचं महारेरा प्राधिकरण किंवा ग्राहक आयोग. सभासद आणि सोसायटी असा वाद असेल तर बहुधा सहकार न्यायालय. कॉन्ट्रॅक्टर असेल तर दिवाणी न्यायालय, करारात लवादाचं कलम असेल तर लवाद. पत्ता चुकला की वर्षं जातात.

वर्षांचं म्हणाल तर मुंबईच्या समृद्धी सोसायटीची गोष्ट ऐका. सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रच आणलं नाही. ते नाही म्हणून मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त. सोसायटीने १९९८ मध्ये तक्रार केली. २०१४ मध्ये प्रमाणपत्र आणून देण्याचा आदेश मिळाला. तरी ते आलं नाही. मग जादा भरलेल्या पैशांसाठी नवी तक्रार केली, तर राष्ट्रीय ग्राहक आयोग म्हणाला, मुदत संपली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जे सांगितलं ते मला काळाच्या व्याख्येइतकं विलक्षण वाटतं. हा अन्याय एका तारखेला घडून संपलेला नाही. प्रमाणपत्र मिळत नाही तोवर तो रोज नव्याने घडतो, म्हणून मुदतीचं घड्याळ रोज नव्याने सुरू होतं. वकिली भाषेत याला 'सततचा अपकार' म्हणतात.

आमच्या डागासाठी शेवटी प्लंबरने त्याची जुनी युक्ती काढली. वरच्या बाथरूमच्या मोरीचं तोंड बोळा घालून बंद केलं, चार इंच पाणी साठवलं आणि कपड्यांना घालायच्या निळीची अख्खी बाटली त्यात ओतली. दोन दिवस आम्ही सगळे, वरचे आणि सेक्रेटरी धरून, छताकडे बघत चहा प्यायलो. डाग तांबूसच राहिला. वरच्यांच्या चेहऱ्यावर विजय उमटू लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फोडणीच्या डब्याच्या जरा वर, फिकट निळं वर्तुळ उमटलं होतं. "आमच्याकडे तर कधीच गळत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी उसासा टाकला आणि कपाटातून नवी फाइल काढली. आमची बादली अजून तिथेच आहे.